भरती पाहून बेतलेली सुट्टी : काशीद-फणसाड परिसरातील तंबूचा मुक्काम

रायगड जिल्ह्यात रेवदंड्याची खाडी ओलांडून दक्षिणेकडे निघालेला रस्ता मुरुडपर्यंत समुद्राची सोबत फारशी सोडत नाही. त्याच्या डाव्या हाताला डोंगरउतारावरचे जंगल आणि उजव्या हाताला सुरूच्या बनांआडचा समुद्र सतत दिसत राहतो. कोकणात वनेही पुष्कळ आणि किनारेही पुष्कळ, परंतु संरक्षित अरण्य आणि मोकळा वाळूचा किनारा एकाच मुक्कामावरून सकाळ-संध्याकाळ अनुभवता यावेत अशा जागा थोड्याच. काशीद, नांदगाव व मुरुड ही किनाऱ्यावरची गावे आणि त्यांच्या पाठीशी पसरलेले फणसाड वन्यजीव अभयारण्य हा पट्टा अशांपैकी एक असून, मुले व वडीलधारी माणसे बरोबर घेऊन दोन-तीन रात्री तंबूत राहू इच्छिणाऱ्या कुटुंबाला तो सर्वतोपरी सोयीचा आहे. मात्र मुंबई-पुण्याकडून येणारी बरीच कुटुंबे दीड-दोन दिवसांत पाच-सहा ठिकाणे उरकण्याच्या घाईत येतात, त्यामुळे भर उन्हात किल्ल्यावर, अंधार पडताना पाण्यात आणि जंगलात तर अवेळी पोचतात. हे टाळायचे असेल तर मुक्काम एकाच ठिकाणी ठेवावा आणि दिवसाची आखणी प्रेक्षणीय स्थळांच्या यादीवरून न करता भरती-ओहोटीच्या वेळांवरून करावी. बाकीची बहुतेक व्यवस्था त्यातून आपोआप लागत जाते.

तंबूच्या मुक्कामासाठी नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा काळ उत्तम होय. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्या बंद ठेवल्या जातात आणि ओल्या जमिनीवर तंबू टाकण्यात अर्थ नसतो. ऑक्टोबरात उकाडा दमट असतो व गवत अजून उंच असल्यामुळे गोचिडांचा उपद्रव होतो. मार्चनंतर जंगलातील पाणवठे आटत जातात आणि उरलेल्या पाण्यावर प्राणी दिसण्याची शक्यता वाढते हे खरे, परंतु त्या दिवसांत दुपारी तंबूत बसवत नाही, म्हणून लहान मुले असलेल्या कुटुंबाने त्या मोहात पडू नये. नाताळ व वर्षअखेरीच्या गर्दीपेक्षा जानेवारीतला एखादा साधा शनिवार-रविवार, त्याला जोडून एखादी रजा, हा सर्वांत निवांत पर्याय. मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी, मोटारीही वाहून नेणारी रो-रो बोट २०२० पासून उपलब्ध असून ती साधारण तासाभरात पलीकडे पोचवते. तेथून अलिबाग, चौल, रेवदंडा या मार्गाने काशीद गाठता येते आणि वडखळच्या वाहनकोंडीत मुले कंटाळून जाण्याचा प्रसंग टळतो.

तारखा ठरवताना पंचांग उघडावे, ही सूचना शहरी वाचकाला जुनाट वाटली तरी किनाऱ्यावर ती अगदी व्यवहाराची आहे. समुद्राला दिवसातून साधारणपणे दोन वेळा भरती येते, एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, आणि त्यामुळे भरतीची वेळ दररोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. याच हिशेबावर कोकणात एक जुना ठोकताळा रूढ आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, जो आकडा येईल ती भरतीची अंदाजी वेळ समजावी. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे व दुपारी साडेचारच्या सुमारास पाणी पूर्ण भरलेले असणार. अष्टमीला तीच वेळ सहाची, आणि पूर्ण ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे दुपारी बाराच्या पुढेमागे. हा हिशेब तास-अर्धा तास इकडेतिकडे होऊ शकतो, विशेषतः पौर्णिमा-अमावास्येजवळ तो मागे पडतो, म्हणून निघण्यापूर्वी त्या दिवसांचे छापील किंवा मोबाइलवरचे भरतीचे कोष्टकही पाहून ठेवावे. पौर्णिमा व अमावास्येच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येत असल्यामुळे पाणी फार वर चढते व फार खाली उतरते. यास उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या आसपास हा चढ-उतार कमी असतो, त्यास भांगाची भरती असे नाव आहे. ज्यांची मुले लहान आहेत त्यांनी अष्टमीच्या मागचेपुढचे दोन-तीन दिवस निवडावेत, कारण प्रवाहांचा जोर तुलनेने कमी असतो आणि दुपार उलटल्यावर उन्हे कलती असताना पाणी चढत असते. ज्यांना ओल्या वाळूवरून दूरवर चालण्याची, शंख-शिंपले व खेकड्यांची बिळे पाहण्याची हौस आहे त्यांना उलट उधाणाचे दिवस बरे, कारण तेव्हा सूर्योदय व सूर्यास्ताच्या सुमारास ओहोटी लागलेली असते.

पाण्यात उतरण्याविषयी येथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. काशीदचा किनारा थेट खुल्या समुद्राला सामोरा असल्याने लाटांचा जोर जाणवतो आणि माणूस मुळातच जपून असतो; मुरुडचा किनारा सपाट व उथळ भासतो, आणि हा भासच घातक ठरतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले अनेक महाविद्यालयीन विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडून मरण पावले, ही घटना महाराष्ट्र विसरलेला नाही. सपाट किनाऱ्यावर वाळूचे उंचवटे व त्यांच्यामधले सखल पन्हळ पाण्याखाली लपलेले असतात. ओहोटीला माणूस त्या उंचवट्यावर दूरवर चालत जातो, आणि पाणी चढू लागले की ते आधी त्याच्या पाठीमागचा सखल भाग भरते, त्यामुळे समोर पाणी गुडघाभर दिसत असताना परतीच्या वाटेवर ते छातीपर्यंत आलेले असते. दुसरा धोका लाटांबरोबर आलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने परत समुद्रात जाते त्या ओढीचा. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मध्येच एक पट्टा शांत व गढूळ दिसला तर तो पोहण्यास चांगला नव्हे, तर टाळण्याचा होय. त्यात सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झुंजून दमू नये. अंग सैल सोडून तरंगत राहावे, हात उंचावून हाका माराव्यात आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर सरकावे, म्हणजे ओढ संपते. मुलाच्या कमरेहून खोल पाण्यात त्याला नेऊ नये, मोठ्या माणसाने नेहमी मुलाच्या समुद्राकडच्या बाजूला उभे राहावे, पाणी उतरू लागल्यावर सर्वांनी बाहेर यावे, आणि एक जबाबदार माणूस कोरड्या वाळूवर केवळ पाहण्यासाठी बसलेला असावा; त्याच्या हातात मोबाइल नसावा. जीवरक्षक व स्थानिक कोळी बांधव जेथे उतरू नका म्हणतील तेथे वाद घालू नये. भांगाच्या दिवसांतही ही सावधगिरी तसूभर कमी करता येत नाही.

मुक्कामाच्या जागेचे दोन प्रकार उपलब्ध आहेत. एक अभयारण्याच्या वेशीवर सुपेगावला, जेथे वन विभागाच्या व्यवस्थेत तंबूत राहण्याची सोय आहे. दुसरा किनाऱ्यालगतच्या गावांतील खाजगी वाड्या, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागा, ज्यांचे मालक घराजवळच्या अंगणात तंबूला जागा, विहिरीचे पाणी व शौचालय देतात. उघड्या पुळणीवर परवानगीविना तंबू ठोकणे सर्वच दृष्टींनी गैर आहे, आणि अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाने नेमून दिलेल्या जागेखेरीज रात्री थांबणे हा तर गुन्हा ठरतो. दोन्ही ठिकाणी आगाऊ बोलणे करून, पाणी, शौचालय व जवळचा दवाखाना या तीन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात.

तंबू उभारण्याची जागा वाडीत निवडताना पहिली नजर वर टाकावी, जमिनीकडे नव्हे. माडाखाली तंबू कधीही नसावा, कारण नारळ किंवा वाळलेली झाप वेळ सांगून पडत नाही. सुरूचे झाड मूळचे परदेशी असून वाळू व वारा अडवण्यासाठी किनाऱ्यांवर त्याची लागवड झाली. वाळूत त्याचा आधार कमजोर राहतो, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या किनाऱ्यावरील असंख्य सुरू, माड व पोफळी उन्मळून पडल्या. म्हणून कललेल्या वा वाळक्या फांद्यांच्या झाडापासून त्याच्या उंचीइतके अंतर ठेवावे. किनाऱ्याजवळच्या जागेत उधाणाच्या पाण्याने आणून टाकलेल्या काटक्या, शेवाळ व शिंपल्यांची ओळ शोधावी आणि तिच्या बऱ्याच वर, घट्ट जमिनीवर तंबू लावावा. भुसभुशीत वाळूत नेहमीच्या खुंट्या टिकत नाहीत. त्याऐवजी कापडी पिशवीत वाळू भरून तिच्या गळ्याला तंबूची दोरी बांधावी, हातभर खोल खड्डा करून पिशवी त्यात आडवी पुरावी आणि वरची वाळू पायाने दाबून घट्ट करावी. अशा चार पिशव्या चांगल्या वाऱ्यातही तंबू धरून ठेवतात. किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येणारे खारे वारे व रात्री जमीन लवकर निवल्यामुळे जमिनीकडून समुद्राकडे जाणारे मतलई वारे असा क्रम असतो, म्हणून ज्या तंबूला समोरासमोर दोन जाळीच्या खिडक्या आहेत त्याची एक खिडकी डोंगराकडे व दुसरी समुद्राकडे ठेवल्यास झोपेच्या वेळी आतली दमट हवा निघून जाते. जानेवारीत पहाटे दव पुष्कळ पडते. बाहेरचे आच्छादन न लावता झोपलेल्या कुटुंबाची पांघरुणे सकाळी ओलसर होतात आणि मुलांना सर्दी होते.

फणसाडची ओळख या मुक्कामाचा गाभा ठरावी, कारण किनारे अन्यत्रही मिळतात. पूर्वी जंजिऱ्याच्या नबाबांचे शिकारीचे राखीव जंगल असलेले हे अरण्य १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी अशा वृक्षांच्या या वनात बिबट्या, सांबर, भेकर, रानडुक्कर व निशाचर असलेले इवलेसे पिसोरी हरीण यांचा वास आहे. तथापि कुटुंबाने वाघ-बिबट्यांच्या अपेक्षेने येथे जाऊ नये. मुलांना हमखास आनंद देणारा प्राणी म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, पिवळसर पोटाची आणि अंगाहूनही लांब झुबकेदार शेपटीची मोठी खार. ती क्वचितच जमिनीवर उतरते, एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्याच्या शेंड्यावर लांब उडी घेते आणि उंच फांद्यांच्या टोकाला पाने व काटक्यांची गोल घरटी बांधते. आधी घरटे दाखवावे, मग त्याच्या आसपासच्या फांद्यांवर दुर्बीण लावून सकाळी सात ते नऊच्या दरम्यान शांत बसावे. चालत राहणाऱ्यांपेक्षा बसून राहणाऱ्यांना शेकरू अधिक दिसते. दुसरी पाहण्यासारखी गोष्ट गारंबीचा महावेल. माणसाच्या मांडीएवढ्या जाडीचा हा वेल अनेक झाडांवरून पसरत जातो, आणि त्याच्या तपकिरी, लाकडासारख्या शेंगा मुलाच्या उंचीशी बरोबरी करतात. गारंबीच्या मोठ्या, चपट्या, गुळगुळीत बिया मुले उचलू पाहतात, पण अभयारण्यातून बी, पीस किंवा दगडही बाहेर नेऊ नये, हे त्यांना तेथेच समजावून सांगावे. येथील पाणवठ्यांना गाण म्हणतात. त्यांच्या काठच्या मऊ चिखलात उमटलेले ठसे वाचण्यात, कोणता दुभंगलेल्या खुरांचा व कोणता गादीदार पंजाचा हे ओळखण्यात, मुलांचा तासभर सहज जातो. प्रवेशपत्र घेऊन, शक्यतो स्थानिक वाटाड्यासह, मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे व बंद बूट घालून जावे. गाणी लावणे, अत्तर, सिगारेट आणि प्लॅस्टिक यांना तेथे जागा नाही.

ज्या जंगलात नबाबांची शिकार चाले त्यांचाच किल्ला पाहण्यासाठी एक सकाळ राखून ठेवावी. मुरुडच्या दक्षिणेला राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जातात. पहिल्या होड्यांपैकी एक पकडणे शहाणपणाचे, कारण आत सावली थोडी व चढउतार पुष्कळ आहे. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी हा जलदुर्ग शतकानुशतके राखला. छत्रपती शिवाजी महाराजांना तो जिंकता आला नाही, छत्रपती संभाजी महाराजांनी तर किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात भराव टाकण्याचा प्रयत्न केला, आणि अखेर १९४८ मध्ये संस्थानाच्या विलीनीकरणाबरोबरच तो भारतीय संघराज्यात आला. मुलांना सनावळ्या सांगण्यापेक्षा होडी जवळ जाताना दरवाजा कोठे आहे ते शोधायला सांगावे. तटाच्या दोन बुरुजांच्या आडोशाला तो असा बसवला आहे की होडी अगदी समोर येईपर्यंत दिसत नाही, आणि हा किल्ला का पडला नाही याचे एक उत्तर मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी मिळते. आत कलालबांगडी ही अजस्र तोफ आणि चहूकडे खारे पाणी असताना गोड्या पाण्याचे तलाव या दोन ठिकाणी पुरेसा वेळ द्यावा. होडीत चढता-उतरताना ती लाटेबरोबर वरखाली होत असते, म्हणून मुलांना तरंगजाकिटे घालावीत, वृद्धांना दोन्ही हात मोकळे ठेवायला सांगावे आणि गुडघेदुखी असलेल्यांना आग्रह करू नये. मुरुडच्या पुळणीवरून समुद्रात दिसणारा पद्मदुर्ग शिवाजी महाराजांनी सिद्दीला शह देण्यासाठी बांधला. तेथे जाण्यास परवानगी लागते व समुद्राची साथही लागते, त्यामुळे तो बेत कुटुंबाने गृहीत धरू नये. परंतु ज्यांना योग येईल त्यांनी तटाचे दगड जरूर निरखावेत, कारण खाऱ्या वाऱ्यापाण्याने दगड झिजून आत गेले आहेत आणि त्यांच्यामधला चुना मात्र अजून पुढे डोकावतो.

उत्तरेला कोर्लईचा पोर्तुगीज किल्ला संध्याकाळी गाठण्याजोगा आहे. दीपगृहाच्या बाजूने चढ थोडा, आणि माथ्यावरून कुंडलिका नदीचे मुख व पलीकडे रेवदंड्याचा तट एका नजरेत येतो. पायथ्याच्या गावातील ख्रिस्ती समाज पोर्तुगीज व मराठी यांच्या संगमातून घडलेली स्वतंत्र बोली आजही घरात बोलतो, ही गोष्ट भाषेची गोडी असलेल्या कुटुंबाला विशेष वाटेल. मात्र लोकांच्या दारात उभे राहून ती बोलून दाखवण्याचा आग्रह धरू नये. एखादा दिवस अधिक असेल तर राजपुरी खाडीवरच्या कुडा येथील बौद्ध लेण्यांकडे वळावे. तेथील ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांमध्ये वैद्य, माळी व लोखंडाचा व्यापारी यांचीही नोंद आहे.

स्वयंपाकाचा सगळा भार तंबूत वाहण्याची गरज नाही. घरगुती खाणावळींत आदल्या दिवशी सांगितल्यास तांदळाची भाकरी, मासळीचे कालवण किंवा वालाचे बिरडे मिळते, आणि तंबूत चहा, पोहे व मुलांच्या मधल्या भुकेपुरती लहान गॅसशेगडी पुरते. सुरूचा वाळलेला पाला चटकन पेट घेतो, म्हणून बनात शेकोटी नकोच. विस्तवाची हौस असेल तर वाडीच्या मालकाच्या देखरेखीखाली मोकळ्या शेतात पोपटी लावावी, जी रायगडातील थंडीची खास मेजवानी होय. मडक्याच्या तळाशी व कडेने भांबुर्डीचा पाला दाबून बसवतात, त्यात ओवा-मीठ चोळलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी आणि हवे असल्यास मसाला लावलेली कोंबडी भरतात, तोंड त्याच पाल्याने घट्ट बंद करून मडके उपडे ठेवतात व भोवती पेंढा-काटक्या पेटवतात. पाण्याचा थेंबही न घालता, पाल्याच्या व शेंगांच्या ओलाव्यावरच अर्ध्या-पाऊण तासात सगळे शिजते. गार पाण्याचे दोन शिंतोडे मडक्यावर मारून ते चर्रकन उडाले की पोपटी तयार झाल्याचे जाणते लोक ओळखतात. आग पूर्ण विझवून, राखेवर पाणी ओतून मगच तेथून उठावे.

विंचू आणि साप यांविषयी भय नको, पण माहिती हवी. कोकणातील लाल विंचवाचा दंश मुलांच्या हृदयावर गंभीर परिणाम करतो. याच जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यानंतर अशा दंशाने होणारे मृत्यू पुष्कळ घटले. म्हणून मुलाला दंश झाल्यावर घाम, उलटी, हातपाय गार पडणे यांची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठावे. फुरसे हा लहानसा विषारी साप रात्री हिंडतो व दगड-पाचोळ्याच्या रंगात मिसळून जातो, त्यामुळे अंधार पडल्यावर विजेरी व बंद बूट यांशिवाय कोणी तंबूबाहेर पाऊल टाकू नये. सापाने दंश केल्यास कापणे, चोखणे, दोरी आवळणे यांपैकी काहीही करू नये. दंशाचा अवयव हलू न देता, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून किंवा मिळेल त्या वाहनाने मुरुड वा अलिबागच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. निघण्यापूर्वी दूरध्वनी करून तेथे प्रतिविष उपलब्ध असल्याची खात्री करावी, मात्र त्यासाठी निघणे लांबवू नये. तंबूची चेन सदैव बंद ठेवणे, बूट आत घेणे व सकाळी झटकून घालणे, अंथरूण झोपण्यापूर्वी उलगडून पाहणे या सवयी पहिल्याच संध्याकाळी मुलांना लावाव्यात.

परतीच्या दिवशी सकाळचे दोन तास आवराआवरीसाठी मोकळे ठेवावेत. ओला कचरा वाडीच्या मालकाला विचारून खड्ड्यात टाकावा, प्लॅस्टिक व बाटल्या गाडीतून शहरात परत न्याव्यात, आणि पुरलेल्या वाळूच्या चारही पिशव्या उकरून काढून खड्डे बुजवावेत. घरी पोचल्यावर तंबू त्याच आठवड्यात गोड्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवावा, कारण मिठाचा थर चेनीत व दांड्यांच्या सांध्यांत राहिला तर त्या पुढच्या हंगामापर्यंत गंजून जाम होतात. चेनीवर मेणबत्ती घासून ठेवली तर ती पुढेही सुरळीत चालते.